नोट्समध्येच कामाचा वेळ मोजायचाय, पण घड्याळ बंद करायलाच विसरतो

अर्धवट_काम
माझ्या सगळ्या नोट्स लॉगसेक या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये, कामाची यादीपण तिथेच. सेटिंगमध्ये टाइम ट्रॅकिंग चालू ठेवलंय, म्हणजे टास्क टूडू (करायचंय) वरून डूइंग (चालू आहे) वर नेला की घड्याळ सुरू आणि डन (झालं) केला की बंद. आता गंमत अशी की मी बंदच करत नाही! कालच्या एका रिपोर्टवर १४ तास २० मिनिटं लागलेत म्हणे, खरं काम दीड तासाचं असेल नसेल, बाकी वेळ लॅपटॉप मिटलेला आणि मी झोपलेलो. वर मधेच दुसरं काम आलं की तेही डूइंग आणि पहिलंही डूइंग, दोन्हीकडे रिक्षाचं मीटर पळतंय. वेगळं टायमर अ‍ॅप नकोय, नोट एकीकडे आणि वेळ दुसरीकडे असं केलं की आठवड्यात सुटतं ते. कोणी काही जमवलंय का?

रातकिडा
आधी तो १४ तासांचा आकडा दुरुस्त कर. त्या पानाची मार्कडाउन फाइल (साध्या मजकुराचीच असते) साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघड, टास्कखाली लॉगबुक म्हणून भाग दिसेल, त्यात क्लॉकची ओळ असते, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि बाणापुढे बेरीज. शेवटची वेळ आणि बेरीज दोन्ही हाताने बदल, नुसती एकच बदलून घोळ करू नकोस. आणि उठताना टास्क परत टूडूवर टाकत जा, तेवढ्यापुरतं घड्याळ थांबतं, पुन्हा डूइंग केलं की नवीन ओळ.

कंसातला_कंस
हे लॉगबुक प्रकरण मूळचं ऑर्ग-मोडचं, म्हणजे ईमॅक्स या जुन्या टेक्स्ट एडिटरमधल्या नोट्स आणि कामांच्या सोयीचं. (हो, आलो मी परत ईमॅक्स घेऊन, शिव्या नंतर द्या.) पण तुझी दोन्ही दुखणी तिथे आधीच सोडवलीत. एक, घड्याळ एका वेळी एकाच कामावर चालतं, दुसऱ्या कामावर क्लॉक-इन केलं (घड्याळ सुरू केलं) की पहिलं आपोआप बंद. दोन, ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम या सेटिंगला १५ दिलंस की १५ मिनिटं हात न लावता गेली तर परत आल्यावर ते विचारतं, हा मधला वेळ ठेवू का वजा करू? मी जेवायला जातो, येऊन वजा म्हणतो, विषय संपला. मॅकवर, किंवा लिनक्सच्या एक्स-११ या डिस्प्ले सिस्टिमवर एक छोटा जोडप्रोग्रॅम टाकलास तर, ते खरंच तू कीबोर्डला हात लावतोयस का बघतं, नाहीतर फक्त ईमॅक्समधली हालचाल मोजतं, म्हणजे तू ब्राउझरमध्ये घाम गाळत असलास तरी त्याच्या लेखी तू गायब. महिन्याची बेरीज त्यातलं क्लॉकटेबल नावाचं तक्ता करून देतं.

साधंसरळ
मी ऑब्सिडियन या दुसऱ्या नोट्स अ‍ॅपमध्ये सुपर सिंपल टाइम ट्रॅकर प्लगइन वापरते. नोटमध्येच स्टार्टचं बटण येतं, नोंदी त्याच नोटमध्ये राहतात. विसरलं तर वेळ तिथेच एडिट करता येते. पण सगळ्या नोट्सची एकत्र बेरीज हवी असेल तर डेटाव्ह्यू या दुसऱ्या प्लगइनमध्ये थोडं जावास्क्रिप्ट लिहावं लागतं, मी कंटाळा केलाय अजून.

अर्धवट_काम
@रातकिडा फाइल उघडली तर अजून तीन टास्क सापडले, एक गेल्या मंगळवारपासून चालू आहे 😅 ईमॅक्स शिकायला घेतलं तर तोच टास्क महिनाभर डूइंगमध्ये राहील. आत्ता तरी एका वेळी एकच डूइंग ठेवतो आणि लॅपटॉप मिटायच्या आधी डूइंगची क्वेरी (सगळे चालू टास्क एकत्र दाखवणारी यादी) बघून रिकामी करतो.

कंसातला_कंस
महिनाभर? आशावादी आहेस.