मदत हवी आहे: शिकारी प्राणी संपला की त्याच्या भक्ष्याची आधी भीती जाते, मग वेग का टिकतो?

उत्तर अमेरिकेतला हरणासारखा प्रॉन्गहॉर्न ताशी 85 किमीपर्यंत धावतो, लांडगा जेमतेम 60. त्याच्यामागे बहुधा धावणारा, चित्त्यासारखा मिरासिनोनिक्स संपून सुमारे 12,000 वर्षं झाली. पिढी 4 वर्षांची धरली तर 3,000 पिढ्या वेग तसाच! उलट, विषारी केन टोड बेडकांपासून वाचवायला 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲस्टेल बेटावर सोडलेले नॉर्दर्न क्वोल (छोटे मांसाहारी शिशुधानी प्राणी) 13 पिढ्यांत डिंगो या रानकुत्र्याचा वासही ओळखेनासे झाले. त्यांना परत मुख्य भूमीवरच्या काकडू राष्ट्रीय उद्यानात सोडलं, तर डिंगोंनी फडशा पाडला.

माझ्या उत्क्रांतीच्या मॉडेलमध्ये भीती आणि वेग हे दोन्ही गुण टिकवायला सारखेच ‘महाग’ धरले की वेगही झटपट ढासळतो, म्हणजे गृहीतकातच खोट आहे. वेगाचा खर्च कशात मोजावा: ऑक्सिजन, चारा की पिल्लांची संख्या? लांडग्याहून लहान कोयोट प्रॉन्गहॉर्नची पाडसं मारतात, तेवढा दाब वेग टिकवायला पुरेल का? काळविटाची तुलना नको. त्याची शिकार करणारा आपला चित्ता 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला, पिढ्या फारच थोड्या.