टॅटूवाल्याशी 'नातं' जोडायचं म्हणे!

पऱ्हाटीवाला:
काल एका ग्रुपवर कोण्या शहाण्यानं लिहिलं: टॅटू काढायच्या आधी आर्टिस्टला दोन-तीनदा भेटा, सोबत कॉफी घ्या, भाव करू नका, डिझाइन त्याच्यावर सोडा. नातं जमलं की टॅटू आपोआप चांगला होतो. आणि नंतर पंधरा दिवस उन्हात जाऊ नका.

वाचून टाळकं सरकलं. उन्हात जाऊ नका म्हणे! आमच्या इकडे सावली वावराच्या धुऱ्यावर असते, बाकी सारं ऊनच. कापसाच्या बोंडानं हात ओरबाडते, फवारणीचं पाणी कोपरापर्यंत ओघळते. घरी कोण बसन पंधरा दिवस?

आणि नात्याचं म्हणसान, तर मी जोडून पाह्यलं. दोन वर्षांमागं तालुक्याच्या एका दुकानात तीनदा गेलो. चहा झाला, त्याच्या पोरीच्या शाळेचं बोलणं झालं. मले हातावर 'माय' पाहिजे होतं. थो म्हणे, "भाऊ, माय गावठी दिसते. आई टाकू, अक्षर झोकात येते." इतकी ओळख झाल्यावर नाही कसं म्हणावं? मुकाट बसलो. घरी दाखवलं त माय म्हणे, "हे कोन? मी कवा आई झाली रे?"

जत्रेतल्या अनोळखी माणसाले तोंडावर सांगितलं असतं, "जे सांगतो थे काढ." ओळखीनंच घात केला.

नर्सताई:
जत्रेतल्या माणसाचं कौतुक नका करू दादा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तीच सुई डेटॉलच्या बोळ्यानं पुसून दुसऱ्याच्या हातात घालतात, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही, तिन्ही रक्तातून जातात. आणि लोक फक्त सुईकडे बघतात, शाईकडे कोणीच नाही. सुई नवीन असली तरी शाईची वाटी दिवसभर तीच असेल तर काय उपयोग? प्रत्येकाला वेगळ्या टोपणात थोडी शाई काढून द्यायची आणि उरलेली फेकायची असते. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडा, हे ज्याला बिनधास्त सांगता येतं त्याच्याकडे जा. कॉफी पाजा नाहीतर नका पाजू.

वाघ_भरती:
आर्मी भरतीची तयारी चालू आहे. टॅटू चालते का? वाघ काढायचा आहे.

मेळघाटी:
नातं हे शहरी खूळ आहे असं वाटत असेल तर आपल्या आजीला विचारा. आमच्या कोरकू गावात गोंदणारी बाई वर्षातून एकदा यायची. कोणाची सून, कोणाची लेक, कोणाच्या कपाळावर काय, सगळं तिला पाठ. मजुरी ज्वारीत. दिव्याची काजळी, दोऱ्यानं बांधलेल्या चार-पाच सुया, वरून हळद. 'मेल्यावर डाग-दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं,' असं माझी आजी म्हणायची. इतक्या भरवशाच्या कामाला अनोळखी माणूस चालला असता का?

नर्सताई:
तुमच्या आजीला विचारलं होतं का, गोंदवायचं आहे का म्हणून? माझ्या आजीला सहाव्या वर्षी दोघींनी धरून बसवलं होतं. ती मरेपर्यंत ते सांगायची. आणि त्याच सुया रांगेतल्या सगळ्या पोरींना. छान होतं हो नातं.

मेळघाटी:
धरून बसवलं हे खरं. माझ्याही आजीला बसवलं होतं. पण मग त्या बाईचं चुकलं की घरच्यांचं?

नर्सताई:
दोघांचं.

शुद्धलेखक_पुणे:
मूळ मुद्दा बाजूला राहतोय, पण 'आई' हाच प्रमाण शब्द आहे. टॅटू आयुष्यभराचा असतो. तो चारचौघांना कळेल असाच असावा. त्या कलाकाराचं काही चुकलं नाही.

पऱ्हाटीवाला:
हात माहा, माय माही, पैसे माहे. चारचौघांचा काय संबंध?

सावजी_रस्सा:
पुणेकर, 'माय' कोणाला कळत नाही ते सांगा! मायबाप, मायबोली, माय मराठी म्हणता तेव्हा गावठी नाही वाटत? भाषा दिनाला माय, अन् हातावर आई?

शुद्धलेखक_पुणे:
समासात चालतं ते सुटं चालतंच असं नाही. आणि भावना दुखावून घेण्याचं कारण नाही.

सावजी_रस्सा:
मी पुण्याला नोकरीवर होतो तेव्हा 'मले' म्हटलं की अख्खी ऑफिसची पंगत हसायची. चार वर्षं 'मला-मला' करत काढली. त्या टॅटूवाल्यानं ह्याच्यासोबत तेच केलं, फक्त सुईनं.

नर्सताई:
हे मात्र पटलं. माझी मुलगीही शाळेत आई म्हणते, घरी माय. घरी पाहुणे आले की परत आई.

वाघ_भरती:
वाघाचं कोणी सांगन का?

शुद्धलेखक_पुणे:
तुमच्याकडच्या शाळांची पुस्तकंही प्रमाण मराठीतच आहेत, त्याला काय म्हणाल?

सावजी_रस्सा:
पुस्तक सरकारचं आहे. माय सरकारची आहे का?

पऱ्हाटीवाला:
बरोब्बर! अन् पुणेकर, तुमच्या हातावर काय आहे?

शुद्धलेखक_पुणे:
माझ्या हातावर काहीही नाही. मी दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो. टॅटू काढला की वर्षभर रक्त देता येत नाही, हे इथे कोणी बोललं नाही.

नर्सताई:
हो, ते बरोबर आहे. तुमची एक गोष्ट तरी बरोबर निघाली.

मेळघाटी:
पऱ्हाटीवाले, एक सांगू? तुम्हाला नाही म्हणता आलं नाही, म्हणजे नातं नव्हतंच. ती भीड होती. आमची गोंदणारी चुकली की बाया तिला अंगणातच शिव्या द्यायच्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याचकडून काढायच्या.

पऱ्हाटीवाला:
शिव्या देता येईन असा टॅटूवाला दाखवा, मी त्यालेच कॉफी पाजतो. फवारणीचं तुम्ही बी काही बोलले नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं किती माणसं गेली, अन् इथं ताज्या जखमेवर औषध पडते. त्या पोस्टवाल्याले सांगा कोणी.

नर्सताई:
मग सुगी संपल्यावर काढा. बरं व्हायला दोन ते चार आठवडे जातातच. तेवढे दिवस फवारणीचा पंप दुसऱ्याच्या पाठीवर.

माजी_फौजी:
वाघ_भरती, आताच वाचलं. आर्मीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागल्या बाजूला चालते. आदिवासी पोट्ट्यांना रिवाजाप्रमाणं सवलत आहे. बाकी जागी काढला तर मेडिकललाच घरी.

वाघ_भरती:
काल मानेवर काढला.

माजी_फौजी:
अरे लेका! आता लेझरच्या कितीतरी खेपा, अन् तरी डाग राहते. आधी इचारायचं होतं.

वाघ_भरती:
दोनदा इचारलं होतं. तुमी सारे माय-आईत होते.