बुद्धिबळाच्या ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) २०व्या चालीपर्यंतच घड्याळ संपत येतं, मदत हवी आहे

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ३+० (प्रत्येकी तीन मिनिटं, चालीमागे वाढीव वेळ नाही) खेळतो. रेटिंग रॅपिडला (जास्त वेळेच्या डावांत) १८५०, ब्लिट्झ १६०० च्या आत-बाहेर. ओपनिंगला अडत नाही: पांढऱ्याकडून लंडन, काळ्याकडून कारो-कान. वेळ जातो तो पुढे. कारो-कानच्या ॲडव्हान्स व्हेरिएशनमध्ये (ई४ सी६, डी४ डी५, ई५ उंट एफ५, घोडा एफ३ ई६, उंट ई२) सी५ लगेच ढकलायचं की आधी घोडा डी७, यातच बराच वेळ जातो. मग हत्ती-प्याद्यांचा एंडगेम बरोबरीचा असूनही वेळ संपून हरतो.

करून पाहिलेलं: पझल स्टॉर्म, म्हणजे लिचेसवरची वेळ लावून सोडवायची कोडी (टॅक्टिक्स सुधारले, घड्याळ नाही), प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याच्या चालीआधीच आपली चाल देऊन ठेवणं (फक्त सरळ रीकॅप्चरला, म्हणजे उलट मारायला), हरलेल्या डावांत प्रत्येक चालीच्या वेळेचा आलेख. ३+२ वर (चालीमागे दोन सेकंद वाढीव) हा त्रास बराच कमी होतो, म्हणजे समज अगदीच वाईट नसावी.

मोबाईलवरच खेळतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे बुलेट (याहूनही झटपट डाव) सुचवू नका. कोचही नको. रोज अर्धा तास मिळतो. पणजी-फोंड्याकडे बोर्डावरही ३+२ खेळायचं आहे, तिथे प्रीमूव्ह कुठला!

तर या अर्ध्या तासात ३+० चेच डाव खेळावेत, की ३+२ वर ठरावीक चालीला ठरावीक वेळ उरलाच पाहिजे असं बंधन घालावं? १५व्या चालीला किती सेकंद शिल्लक हवेत? आणि त्या सी५ साठी विचार न करता खेळता येईल असा तुमचा ठरलेला क्रम कोणता?