मोत्याच्या फासळीजवळ गाठ आली, बिब्बा लावू काय?

वावरातला_गडी (घाटंजी):
आमचा कुत्रा मोत्या गावठीच आहे, 9 वर्षाचा असन, वावरात जागलीले राहते. पोळ्याच्या टायमाले त्याच्या फासळीजवळ बोराएवढी गाठ हाताले लागली, आता लिंबाएवढी झाली. मऊ आहे, दाबली की सरकते, दुखत नाही, खाणंपिणं बरोबर, डुकरं दिसली की अजूनही मागं धावतेच. काकाजी म्हणते बिब्बा लाव, गळून जाईन. लावू का दवाखान्यात नेऊ?

बंड्या_वर्धा:
बिब्बा नको लावू बाप्पा! आमच्या इकडं एकानं लावला, कातडी जळली, माशा बसल्या, अळ्या पडल्या आन गाठ तिथंच. तुझी लिंबाएवढी आहे म्हणजे गोचीड नाही, नाहीतर मी एकदा फुगलेल्या गोचीडाले चामखीळ समजून आठ दिवस हळद लावली होती, पाय दिसले तवा समजलं 😂

व्हेट_स्टुडंट_नागपूर:
म्हातारं कुत्रं, मऊ, सरकणारी, न दुखणारी, म्हणजे बहुतेक चरबीची गाठ, लायपोमा, तो कॅन्सर नसतो. पण नुसत्या हातानं ते ठरवता येत नाही दादा, मास्ट सेल ट्यूमर नावाचा कॅन्सर कधीकधी हाताला अगदी तसाच लागतो आणि चोळला की सुजतो, म्हणून रोज दाबून पाहणं आधी बंद करा. साध्या इंजेक्शनच्या सुईनं गाठीतलं थोडं काढून काचेवर पसरवतात आणि मायक्रोस्कोपखाली पाहतात, त्याला बहुतेक वेळा भूलही लागत नाही. दोन महिन्यात एवढी वाढली, एवढं कारण पुरे आहे. तालुक्यात विचारा, नाही जमलं तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात आणा. तोवर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, किती वाढली ते कळेल. पिल्लांच्या अंगावर लाल बटणासारखी एक गाठ येते, ती दोन-तीन महिन्यात आपोआप जाते, ते पाहून लोक म्हाताऱ्या कुत्र्याचीही वाट पाहत बसतात.

आर्णीची_ताई:
वाट नका पाहू भाऊ. आमच्या राणीच्या आचळाजवळ वाटाण्याएवढी होती, सोयाबीन निघू दे, मंग कापूस, असं करता करता ती फुटली तवा नेलं. डॉक्टर म्हणे कुत्रीच्या आचळाच्या गाठी निम्म्याच्या आसपास वाईटच निघतात, अन लवकर ऑपरेशन केलं असतं तर वाचली असती.

वावरातला_गडी (घाटंजी):
बरं झालं विचारलं. वेचणीच्या बाया सोमवारपर्यंत आहे, मंगळवारी पिकअपमधे टाकून नेतो. काकाजी रुसले, म्हणते माह्या गुडघ्याले कोणी नागपूरले नेलं नाही.