घरं वाढवा, पण दाराशी बसणार कोण?

एकांनी लिहिलंय की आपल्या गावातल्या कलाफेरीला (चित्रकार आपली घरं उघडतात आणि लोक घरोघरी फिरून चित्रं बघतात ती) गर्दी वाढतेय तर पुढच्या वेळी घरं दुप्पट करूया. उत्साह पटतो, पण दाराशी बसणार कोण? एका घरात किमान दोघं तरी हवेत, एक चित्रांपाशी आणि एक दारात, शिवाय नकाशे छापणं, पाट्या लावणं आणि सगळं संपल्यावर त्या काढणं, हे शेवटचं काम नेहमी त्याच तीन-चार जणांच्या गळ्यात पडतं आणि मग ते थकून हळूच बाजूला होतात.

मोठं होताच येत नाही असं नाही हां. इंग्लंडमधल्या ब्रायटनमधे १९८२ साली नेड हॉस्किन्स या चित्रकाराने स्वतःचं घर लोकांसाठी उघडलं, मग आजूबाजूची घरं जोडली गेली आणि आज तिथे भागाभागाचे वेगळे ट्रेल, म्हणजे घरांच्या फेरीचे मार्ग आहेत. मला ही भागांत विभागणीच खरी महत्त्वाची वाटते. जपानमधलं एचिगो-त्सुमारी हे कलाप्रदर्शन तर २००० पासून सुमारे ७६० चौ. किमी. परिसरात, ओस घरांत आणि बंद शाळांत भरतं, तिथे बाहेरून आलेले स्वयंसेवक गावकऱ्यांबरोबर राबतात (अर्थात तिथे सरकारी पैसाही आहे).

तेव्हा आधी गल्लीवार एकेक जबाबदार माणूस ठरवा, नकाशाची फाइल एकाच्याच लॅपटॉपवर ठेवू नका, आणि पाट्या काढणाऱ्यांची नावं फेरीच्या आधीच लिहून घ्या.