स्लीव्हनंतर सकाळी काय खायचं? डब्यातलं म्युसली की घरची तिझण?

शाळेची बाई, फोंडा

माझ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेला (वजन कमी करण्यासाठी जठर कापून लहान करतात ती) परवा सहा आठवडे पूर्ण झाले. वजन ११४ होतं, आज ९९.५ भरलं. सोमवारपासून शाळा सुरू. पहिली घंटा पावणेआठची, म्हणजे सव्वासातला मला घर सोडावं लागतं. सुट्टीवर असताना पाव वाटी खायला अर्धा तास लावत होते, आता तेवढा वेळ सकाळी मिळणार नाही.

रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर ‘सकाळी सिरियल, पाव वाटी, दुधात’ एवढीच ओळ आहे. कुठलं सिरियल, ते लिहिलेलं नाही. फोन करून विचारलं तर ‘प्रोटीन जास्त, साखर कमी असलेलं बघून घ्या’ म्हणाले. भाच्याने पणजीहून म्युसलीचा मोठा डबा आणून दिला. दहा मिनिटं दुधात भिजवून चार चमचे खाल्ले. बेदाणा की बदामाचा तुकडा कुठेतरी अडकला. छातीच्या मधोमध गोळा बसला, तोंडात चिकट लाळ सुटली आणि पाऊण तास मी न्हाणीत वाकून उभी होते. तेव्हापासून त्या डब्याला हात लावलेला नाही. खरं सांगते, खाण्याचीच भीती बसली आहे.

मला खावीशी वाटते ती नाचण्याची तिझण. आई रात्री नाचणे भिजत घालायची, सकाळी वाटून फडक्यातून गाळायची आणि त्या रसात गूळ नि नारळाचा रस घालून शिजवायची. मऊ असते, गिळताना त्रास नाही. पण ती सिरियलच्या जागी चालेल का? ओट्स बरे की कॉर्नफ्लेक्स? ज्यांनी या अवस्थेतून दिवस काढलेत त्यांनी सांगावं.

डिचोलीकर

बाई, आधी ती भीती. सहाव्या आठवड्यात सुका मेवा अडकणं यात तुमची काही चूक नाही. बेदाणे, बदाम, सुकं खोबरं हे अजून काही महिने लांबच ठेवा. मला बायपास (हृदयाची नव्हे, वजन कमी करण्यासाठी जठराची) करून पाच वर्षं झाली, तरी अख्खा बदाम मी अजून सावकाश चावून खातो.

आता डबा. पुढचं चित्र बघू नका, उलटा करून मागचा तक्ता वाचा. ‘दर १०० ग्रॅम’ हा रकाना बघायचा, कारण ‘दर सर्व्हिंग’चे आकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या मापाने देते. मी दोनच आकडे बघतो, साखर आणि प्रोटीन. साखर ५-६ ग्रॅमच्या आत असेल तर डबा घरी येतो. लहान मुलांच्या चॉकलेटच्या एका डब्यावर मी २८ वाचली होती. म्हणजे ३० ग्रॅमच्या वाटीत दोन चमचे साखर. मग घटकांची यादी. जो पदार्थ वजनाने जास्त, तो यादीत आधी येतो. साखर पहिल्या तीन नावांत असेल तर डबा परत फळीवर. मध, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच नावं.

पण बाई, सगळ्यात साखर कमी असलेलं सिरियल निवडलं तरी त्यातून प्रोटीन फारसं मिळत नाही, आणि हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. आपल्याला दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन लागतं. साधे कॉर्नफ्लेक्स ३० ग्रॅम खाल्ले तर जेमतेम २ ग्रॅम मिळतं, ओट्समधून ४ च्या आसपास. पोटात जागा पाव वाटीची. ती जागा धान्याने भरली की दूध, अंडं, दही कुठे जाणार? म्हणून आधी उकडलेलं अंडं किंवा चार चमचे चक्का, आणि सिरियल त्यानंतर जागा उरली तर. पहिले चार महिने मी उलट करत होतो. केस मुठीने गेले. त्या काळात केस तसेही गळतात, पण माझं प्रोटीन कमी पडत होतं हे रक्ततपासणीत स्पष्ट दिसलं.

तिझण जरूर खा, फक्त ती थोडी बदलून करा. नाचण्यात कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. प्रोटीन मात्र ७ ग्रॅमच. तुमच्या वाटीत दोन चमचे नाचणे जाणार, त्यातून दीड ग्रॅम पदरात. म्हणून नारळाचा रस काढून टाका, त्याजागी साय काढलेलं दूध घ्या, दीडशे मिली. गार दुधातच स्किम मिल्क पावडर एक मोठा चमचाभर, १५ ग्रॅम, नीट कालवून घ्या आणि मग नाचण्याच्या रसात घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पावडर गरम दुधात टाकलीत तर गुठळ्या होतात आणि गुठळी घशात अडकते. गूळ नको, चिमूटभर मीठ, वेलची. एवढ्यात ११-१२ ग्रॅम प्रोटीन होतं. एका वेळी सगळी संपणार नाही. निम्मी घरी खा, निम्मी थर्मासमध्ये घालून मधल्या सुट्टीसाठी न्या.

कुळागर

बाई, गूळ अगदीच बंद करू नका. तिझणीला गुळाशिवाय चव ती कसली? गूळ साखरेसारखा नाही, नैसर्गिक आहे, एखादा खडा घातला तर बाधणार नाही. दुसरं, सकाळी पोदेराची पोयी, म्हणजे आपला गोव्याचा पाव, दुधात बुडवून खाल्ली तर मऊ होते, माझ्या वडिलांना चालायची.

डिचोलीकर

कुळागर, तुम्ही आपुलकीने सांगताय, पण यावर मी गप्प बसणार नाही. गूळ आपल्या पोटाला साखरच. माझ्या दुसऱ्या वर्षी चवथीला वहिनीने गुळाची तिझण केली होती. सणाचा दिवस, मी वाटीभर घाईत संपवली. वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, दरदरून घाम, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी. तासभर ओसरीवर पडून होतो आणि वहिनी रडत होती, तिला वाटलं तिच्या हातून काहीतरी चुकलं. याला डंपिंग म्हणतात. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की होतं. बायपासवाल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांना होतच नाही असं नाही. शाळेत, वर्गात उभं असताना बाईंना हे व्हावं असं मला वाटत नाही.

पोयीचंही तसंच. दुधात भिजलेल्या पावाचा लगदा होतो आणि तोच अडकतो. पुढे कधीतरी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, कडक भाजून चावून खाता येईल.

मडगावची आशा

मी अशा रुग्णांसोबत काम करते, म्हणून दोन गोष्टी. बाई, लोहाची गोळी तिझणीबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तास ठेवा. चहाही लोहापासून लांब. खाताना पाणी नको, खाल्ल्यावर अर्धा तास थांबा.

आणि महत्त्वाचं: अडकून एकदा उलटी झाली तर समजू शकतो. पण दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर घरी उपाय करत बसू नका, लगेच सर्जनला दाखवा. सतत उलट्या झाल्या की बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि नसांना इजा होऊ शकते. दूध सुरू केल्यावर पोट फुगणं, जुलाब असा त्रास वाटला तर तेही सांगा. शस्त्रक्रियेनंतर काहींना दुधातली साखर पचेनाशी होते, मग लॅक्टोज नसलेलं दूध किंवा दही घ्यावं लागतं.

शाळेची बाई, फोंडा

सगळ्यांचे आभार. काल डबा उलटा करून वाचला. साखर २२, प्रोटीन ९, आणि यादीत दुसरंच नाव साखर. भाच्याला परत दिला, त्याला आवडतं.

लोहाची गोळी मी रोज सकाळी दुधासोबतच घेत होते, आशाताई. आजपासून रात्री.

तिझण केली, मीठ-वेलचीची. आधी अर्धं अंडं, मग सहा छोटे चमचे. काही अडकलं नाही. आईच्या तिझणीची चव नव्हती, पण नाचण्याचा वास तोच होता, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी खाताना घड्याळाकडे पाहिलं नाही. एकच राहिलं, तयार पीठ वापरलं म्हणून जरा खरखरीत लागली. उद्या शुक्रवार, शेजारीण म्हापशाच्या बाजाराला जाणार आहे. तिला अर्धा किलो अख्खे नाचणे आणायला सांगितलेत.