जंगलाकडेची जागा: घेतलेल्यांचे, न घेतलेल्यांचे आणि विकलेल्यांचे अनुभव

ऑगस्टात ताम्हिणीला किंवा पानशेतकडे चक्कर झाली की पुणेकराला हमखास जागा घ्यावीशी वाटते. वर ढग, खाली भातखाचरं आणि वळणावळणावर '11 गुंठे, लेक व्ह्यू, क्लिअर टायटल'चे फलक. त्या फलकांच्या पुढे जाऊन ज्यांनी खरंच जागा घेतली, घर बांधलं किंवा ऐनवेळी पाय मागे घेतला, त्यांनी इथे लिहा. भाव नाही सांगितले तरी चालेल. कागद, पाणी, रस्ता, गाव, जनावरं याबद्दल हवंय. एजंट मंडळींनी जाहिरात करू नये.

सुरुवात मी करतो. आमची जागा मुळशी धरणाच्या पाठीमागे, एकराहून थोडी जास्त, वरच्या अंगाला वनखात्याची हद्द. खरेदीखताआधी सरकारी मोजणी करायचीच, असं आम्ही धरून बसलो होतो. विकणारे म्हणत होते, "अहो बांध दिसतोय की, कशाला खर्च करता?" मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने करवंदीच्या जाळीत हात घालून गवत बाजूला केलं, तर आत वनखात्याचा हद्द दाखवणारा जुना दगडी बुरूज, चुन्याचा पांढरा अजून टिकलेला. 'आपले' म्हणून दाखवलेले सगळे आंबे बुरुजाच्या पलीकडे निघाले! क्षेत्र कमी भरलं, भाव खाली आला, मग व्यवहार झाला. हद्द कायम मोजणीचा खर्च त्या एका दिवसात वसूल.

कागदकिडा, सदाशिव पेठ
आम्ही घेतली नाही. मावळात झऱ्यासकट सुंदर जागा होती. सातबाऱ्यावर इतर हक्कात बारीक अक्षरात 'खाजगी वन' अशी नोंद. मध्यस्थ म्हणाला, "जुनी नोंद आहे साहेब, निघून जाईल." तशी ती निघत नाही. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्याचा आधार बऱ्याच ठिकाणी भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35(3) खालची जुनी नोटीस आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात म्हटलं की नुसती नोटीस काढलेली पुरत नाही. त्यामुळे काहींना दिलासा मिळाला, पण तुमच्या गटाचं काय झालं हे फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) काढून, वनखात्यात विचारूनच कळतं. वकिलांनी ते काम महिनोन् महिने चालेल म्हटल्यावर आम्ही इसार परत मागितला.
भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम (देवळाला दिलेली), आदिवासी खातेदार यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. या डोंगरपट्ट्यात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्या भरपूर आहेत.

नवशिका, वाकड
घरात कुणीच शेतकरी नाही. तरी घेता येईल का?

> कागदकिडा: शेतजमीन नाही. कुळकायद्याचं कलम 63. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर राज्यात कुठेही सातबारा असेल तर प्रश्न नाही. नाहीतर बिगरशेती झालेला प्लॉट बघा. 'शेतकरी दाखला आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

> नवशिका: आणि ते 11 गुंठे?

> कागदकिडा: 2023 च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा विकता येणारा लहानात लहान तुकडा, 20 गुंठे, बागायतीचं 10. म्हणून एकराच्या एकाच सातबाऱ्यावर चौघांची सामाईक नावं चढवून 'प्लॉट' विकतात. तुमच्या वाट्याची हद्द कागदावर कुठेच नसते. आणि शेतघराला निदान 40 आर (जवळजवळ एकरभर) शेत लागतं, हे फलकावर कुणी लिहीत नाही.

मावशी, कर्वेनगर
हे निवृत्त झाल्यावर आम्ही ताम्हिणीच्या अलीकडे घर बांधलं. मुलांना लाकडी केबिन हवी होती, तयार येते ती, पाइनवुडची. गावातला गवंडी म्हणाला, "काकू, हिला इथली वाळवी पोळीसारखी खाईल." शेवटी दगडी जोतं चांगलं कमरेएवढं घेतलं, भिंती विटांच्या, वर उताराचं कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी रुंद पडवी. पडवीसाठी दोन खोल्यांचा हट्ट सोडला, ते फार बरं केलं. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसात खिडक्या उघडत नाहीत, माणूस पडवीत राहतो.
सामान कसं ठेवायचं ते सांगते, कुणी सांगत नाही. गाद्या पावसाळ्यात पुण्याला परत. कपाटं लोखंडी आणि भिंतीपासून वीतभर पुढे. स्विचबोर्डात मुंग्या घर करतात, आधी दिवा मिणमिणतो आणि मग उघडावं तर आत माती. डाळ-तांदळाचे डबे झाकणाला दोरी बांधून, कारण माकडांना झाकण फिरवता येतं.
आणि पाणी. एवढ्या पावसाच्या गावात मार्चनंतर बोअर धापा टाकते. सगळे म्हणतात जागा पावसाळ्यात बघा. मी म्हणेन मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघा आणि गावातल्या बायका पाणी कुठून आणतात ते विचारा.

तोरणेकर
वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. आमच्या शेजारच्या नव्या मालकांनी आल्या आल्या चौफेर तारेचं कुंपण घातलं. त्यातून वरच्या वाडीची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट जात होती. डोक्यावर मोळी घेतलेल्या बायकांनी वळसा घालावा असं त्यांचं म्हणणं. प्रकरण तहसीलदारांकडे गेलं, 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा अशाच अडथळ्यांसाठी आहे, आणि तार काढावी लागली. तोवर गावात त्यांना गडी मिळेना. आम्ही पायवाट मोकळी ठेवून फक्त गुरं अडतील अशी अरुंद फट सोडली, जत्रेची वर्गणी देतो, कधी कुलूप तुटलं नाही.
तुमच्याच जागेला कायदेशीर रस्ता नसेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून मागता येतो. मिळायला वेळ जातो. त्यापेक्षा खरेदीखतातच रस्त्याचा हक्क लिहून घ्या, गट नंबरासकट.

सिव्हिलवाला, धायरी
व्ह्यूसाठी जेसीबी लावून डोंगराची कड उभी कापलेली मी दर उन्हाळ्यात बघतो. पावसाचं पाणी कुठून जाईल, याचा विचार शून्य. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली. तो तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे. ओढ्याच्या तोंडाशी किंवा कापलेल्या उताराच्या पायथ्याशी कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

रानडुक्कर-त्रस्त
भोर. रताळी लावली, एका रात्रीत नांगरट मोफत. आता हळद आणि गवती चहा, तिकडे फिरकत नाहीत. फेब्रुवारीपासून वणव्याची धास्ती: हद्दीलगत आम्ही दिवाळीनंतर गवत कापून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढतो, वनरक्षकाला आधी कळवून. कुत्रा बांधून ठेवणार असाल तर रात्री आत घ्या, बिबट्या फक्त जुन्नरलाच असतो असं नाही.

गाववाला, मुळशी
सगळं वाचलं. मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या वडिलांनी बहिणीच्या लग्नाला वरचा तुकडा विकला, तो नंतर तीन हातांतून गेला आणि आता तिथे तलाव असलेला बंगला आहे. माझा भाऊ त्याच बंगल्यावर राखणदार आहे. पगार वेळेवर येतो, मालक चांगले आहेत, तक्रार नाही. फक्त आई अजून त्या खाचराला 'आपलं' म्हणते आणि भाऊ तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावतो.
एक सांगतो. आमच्या चुलत्यांच्या गटाची वारसनोंद अजून अडकलेली आहे, दोन आत्यांची नावं लागायचीत. त्याच गटाचा फलक रस्त्यावर लागलाय आणि त्यावरही 'क्लिअर टायटल' लिहिलंय. एजंटाबरोबर आलात तरी परत एकदा एकटे या, चावडीपाशी बसा आणि गट नंबर सांगून विचारा. आत्या कुठे राहतात तेही कुणीतरी सांगेल.